आजीची क्रोशाची लेस: हे आपल्याकडे आलं कुठून?

गोदाकाठची:
माळा आवरताना जुन्या ट्रंकेत आज्जीच्या परकराला लावलेली लेस सापडली, पांढरा दोरा, बारीक क्रोशा, कुठे एक टाका सुटलेला नाही. आई म्हणते दुपारी भांडी झाली की आज्जी तेच घेऊन बसायची. आता रविवार कारंजाला मीटरवर मिळते लेस, पाच मिनिटांचं काम. मला वाटायचं क्रोशा आपलंच, पण मावशी म्हणते मिशनरी बायकांनी आणलं. खरं का?

सुईदोरा:
मावशी बऱ्यापैकी बरोबर आहे. दक्षिणेत नागरकोइलला १८२० च्या दशकात मिशनरी बायकांनी मुलींना लेस शिकवली, पण ती बॉबिनवाली, उशीवर टाचण्या टोचून करतात ती. क्रोशाची गोष्ट वेगळी. युरोपात लेस म्हणजे आधी राजेरजवाड्यांचा थाट, पुरुषसुद्धा कॉलरला लावायचे बरं का, मग १७८९ ची फ्रेंच क्रांती झाली नि गिऱ्हाईकच गेलं. वर १८०९ मध्ये हीथकोट नावाच्या इंग्रजाने जाळी विणणारं मशीन पेटंट केलं. १८१६ ला इंग्लंडातल्या लफबरो गावात लोकांनी रात्री घुसून त्याची मशिनं फोडली, तर हा बाबा सगळा पसारा उचलून तिथल्याच टिव्हर्टन नावाच्या दुसऱ्या गावाला गेला. क्रोशा वाढला तो आयर्लंडच्या १८४५ नंतरच्या दुष्काळात, सुईच्या लेसपेक्षा पटकन होतो म्हणून, बायकांनी त्यावर घरं चालवली.

पंचवटीकर:
म्हणजे शेवटी मशीननेच मारलं ना सगळं.

सुईदोरा:
नाही हो दादा, क्रोशा तर मशीन आल्यावरच वाढला. खरी गोची मजुरीची आहे. आपली गोदावरी त्र्यंबकला उगम पावते आणि तिकडे आंध्रात समुद्राला मिळते, तिथलं नरसापूर क्रोशाच्या लेससाठीच प्रसिद्ध. माल परदेशात जातो, पण बाई घरात बसून विणते म्हणून तिला कामगार कोणी धरत नाही, फावल्या वेळातला छंद म्हणायचं नि नगावर चिल्लर टेकवायची. व्यापारी मात्र बहुतेक पुरुष!

गोदाकाठची:
आई गं. आज्जीलाही सगळे "तिचा टाइमपास" म्हणायचे, आणि तीन आत्यांच्या रुखवतात तिचीच तोरणं होती. बरं, पिवळी पडलीय, धुऊ का?

मोरपंखी:
रिठ्याच्या पाण्यात भिजव ताई, चोळू नको, पिळू तर अजिबात नको. टॉवेलवर पसरून सावलीत वाळव. आणि फोटो टाक, कडेचा नमुना मला पाहिजेय.