शाळेत मुलांची पाठ तपासली तर कुणाच्या पोटात का दुखावं?

घोडबंदरवाली
सहावी ते आठवीच्या मुलांची पाठ तपासणार अशी शाळेची सूचना आली, आणि पालकांच्या ग्रुपवर एका बाबांनी लिहिलं : "आता पाठही शाळाच बघणार? उद्या उवा मोजायला माणूस ठेवा. पोरं मोबाइलवर पोक काढून बसतात, दुसरं काही नाही. रोज बारा सूर्यनमस्कार घालायला लावा, कणा सुतासारखा सरळ होईल." खाली सतरा अंगठे. तिथे भांडायची सोय नाही (ॲडमिन त्यांचेच मेहुणे), म्हणून इथे लिहितेय.

माझ्या मुलीचा स्कोलिओसिस (कणा बाजूला वाकणं) तेराव्या वर्षी सापडला. मला नाही, शाळेला नाही, सर्दी-तापाला जातो त्या डॉक्टरांनाही नाही. सापडला नौपाड्यातल्या आमच्या टेलरकाकांना. नवरात्रासाठी घागरा-चोळी टाकली होती. काकांनी खांद्यापासून कमरेपर्यंत टेप लावली. उजवीकडे साडेचौदा, डावीकडे पावणेचौदा. म्हणाले, "बाळा, सरळ उभी राहा." ती सरळच उभी होती. पुन्हा मोजलं, तेच. मग मला हळूच म्हणाले, "ताई, कापडात मी सांभाळून घेईन, पण एकदा डॉक्टरांना दाखवा."

एक्स-रेत कण्याचा वाक 38 अंश निघाला. त्याआधी दोन वर्षं मी तिला "नीट उभी राहा" म्हणून ओरडत होते. स्कर्ट एका बाजूला उतरायचा, मला वाटायचं गबाळेपणा. दुखत काहीच नव्हतं. आणि बारा वर्षांची मुलगी आईसमोर कपडे बदलत नाही, मग पाठ दिसणार कुणाला? शाळेतली तपासणी म्हणजे पाय जुळवून पुढे वाकायला लावायचं आणि मागून बघायचं, अर्धं मिनिट. ते कुणाला जड होतंय?

आकडेबहाद्दर (ऐरोली)
मुलीबद्दल वाईट वाटलं. पण एका टेलरच्या टेपवर सगळ्या शाळांचं धोरण ठरत नाही.

10 अंशांपुढचा वाक शंभरात दोन-तीन मुलांना असतो आणि त्यातल्या बहुतेकांना आयुष्यात काहीही करावं लागत नाही. अमेरिकेत रॉचेस्टरच्या शाळांतल्या तपासणीचा हिशेब 1999 मध्ये छापून आला. 2242 मुलं तपासली, 92 पुढे पाठवली, आणि उपचार लागलेलं एक मूल सापडायला सुमारे 448 मुलं वाकवावी लागली. तिथल्याच यूएसपीएसटीएफने (कुठल्या तपासण्या कराव्यात ते सांगणारी तज्ज्ञांची समिती) 2004 मध्ये सरसकट तपासणी नको असं सांगितलं. ब्रिटनही शाळाशाळांतून हे करत नाही. ते काय वेडे आहेत? पुढे पाठवलेल्या बाकीच्या घरांत एक्स-रे, दोन आठवड्यांची झोपमोड आणि आजीचं "आता पोरीच्या लग्नाचं कसं" हे सगळं येतं. तुमच्या अर्ध्या मिनिटात ते धरलंय का?

घोडबंदरवाली
448 म्हणजे आमच्या शाळेच्या सहावी-सातवीच्या सगळ्या तुकड्या. फार तर एक दिवस जाईल. स्नेहसंमेलनाच्या नाचासाठी महिनाभर तास बुडतात तेव्हा कुणी हिशेब मांडत नाही.

फिजिओताई_नेरूळ
आकडेबहाद्दर, 2004 वर का थांबलात? त्याच यूएसपीएसटीएफने 2018 मध्ये आपलं 'नको' मागे घेतलं.

आकडेबहाद्दर
मागे घेऊन 'करा' नाही म्हणाले. 'पुरावा अपुरा' म्हणाले. पुढचंही वाचत जा.

फिजिओताई_नेरूळ
वाचते, पोटापाण्याचा धंदाच आहे माझा. मधे 2013 चा अमेरिका-कॅनडातला ब्रेसचा (वाक वाढू नये म्हणून अंगावर घालायचं कडक कवच) अभ्यास आला. वाढत्या वयाची, 20 ते 40 अंशांची मुलं घेतली. ब्रेस घालणाऱ्यांपैकी 72 टक्क्यांचा वाक वाढ संपेपर्यंत 50 अंशांच्या आत राहिला, न घालणाऱ्यांत 48 टक्के. फरक इतका स्पष्ट की अभ्यास वेळेआधी थांबवला. ब्रेसमध्ये उष्णतेवर चालणारे सेन्सर होते, म्हणजे थापा मारायची सोय नाही. दिवसाला तेरा तासांच्या आसपास किंवा जास्त घालणाऱ्यांत यश नव्वद टक्क्यांच्या पुढे गेलं. पण हे हाडांची वाढ शिल्लक असेपर्यंतच. 45-50 च्या पुढे गेलं की गोष्ट ऑपरेशनवर येते.

मुलींची उंची झपाट्याने वाढते ती पाळी सुरू होण्याच्या आधीच्या वर्षभरात. म्हणून 2015 मध्ये अमेरिकेतल्या अस्थितज्ज्ञांच्या आणि बालरोगतज्ज्ञांच्या संघटनांनी मुलींना 10 आणि 12 व्या वर्षी आणि मुलग्यांना 13-14 ला एकदा तपासा असं सांगितलं. खरं तर तुमच्या शाळेने पाचवीपासून सुरू करायला हवं. आणि नुसत्या डोळ्यांनी बघू नका. वाकल्यावर पाठीचा कल मोजायला पाठीवर ठेवायचं स्कोलिओमीटर येतं, तो कल 7 अंशांच्या आत असेल तर उगाच एक्स-रेला पळू नका.

आकडेबहाद्दर
म्हणजे न घालणाऱ्यांतले 48 टक्के ब्रेसशिवायच सुटले. तेवढ्यांच्या गळ्यात तो सांगाडा फुकटच की.

वाकडी_पण_ताठ
तो सांगाडा मी तीन वर्षं घातलाय. आठवी ते दहावी, कोपरखैरणे. तुमच्या टक्क्यांत मी कुठे बसते ते मला कधीच कळणार नाही, कारण दोन्हीकडून जगून बघता येत नाही.

आधी प्लॅस्टर लावून साचा काढतात, मग कडक प्लास्टिकचं कवच, मागे तीन पट्टे. आत सुती बनियन. मे महिन्यात बनियन दिवसाला चार लागायचे. कमरेच्या हाडावर घट्टे पडले होते, आई रात्री स्पिरिट लावायची. बाकावरची पेन्सिल खाली पडली तर उचलता यायची नाही, पायाने ढकलत शेजारणीकडे न्यायची. सगळ्यात वाईट म्हणजे पोरं टकटक करून बघायची, दार वाजवतात तसं.

32 वर सापडलं, 35 वर थांबलं. आज नोकरी करते, रोज लोकलला लटकते. परत विचारलंत तर परत घालीन, शिव्या देत देत.

कोपरीकर
सगळे मूळ मुद्दा सोडून बोलताहेत. दप्तर! माझ्या आठवीतल्या मुलाच्या दप्तराचं वजन बघा. एका खांद्यावर लटकवून तीन जिने चढतो. कणा वाकडा होणार नाही तर काय? 2015 चा शासन निर्णय आहे, मुलाच्या वजनाच्या दहा टक्क्यांपेक्षा जास्त नको म्हणून. कुठली शाळा पाळते? आधी दप्तर हलकं करा, मग पाठी तपासा.

फिजिओताई_नेरूळ
दप्तराने पाठ दुखते, खांदे दुखतात. हा वाक दप्तराने होत नाही. नेमकं कारण सापडलेलं नाही, घराण्यात असण्याचा संबंध दिसतो, आणि मोठे वाक मुलींमध्ये कितीतरी जास्त. दप्तर तर मुलगेही उचलतात ना?

कोपरीकर
कारण सापडलेलं नाही म्हणता आणि दप्तर नाही हे मात्र ठामपणे सांगता. वा!

मोरूचा_मामा
कोपरीकरांच्या पोराचं दप्तर हमालाच्या पाटीवर ठेवलं तर युनियन संप करेल.

कोपरीकर
हसा. 2020 च्या केंद्राच्या दप्तर धोरणात आठवीला अडीच ते चार किलो लिहिलंय. आमचं आज सकाळी 6.3 भरलं. त्यात पाण्याची बाटली, डबा, तीन वर्कबुकं आणि चित्रकलेची वही, जी आठवड्यातून एकदा लागते! लॉकरसाठी शाळेकडे तीन अर्ज केले. उत्तर काय, तर "जागा नाही". आणि वार्षिक फीमध्ये 'सुविधा शुल्क' आहे बरं का.

सानपाड्याची_आई
सुविधा शुल्काचा विषय काढलात म्हणून सांगते, आमच्याकडे तर वह्यासुद्धा शाळेतूनच घ्यायच्या, जाड पुठ्ठ्याच्या. निम्मं वजन पुठ्ठ्याचं.

कोपरीकर
बरोब्बर! पुठ्ठ्यावर कुणी बोलतच नाही.

घोडबंदरवाली
कोपरीकर, हात जोडते. वेगळा धागा काढा.

माजी_पीटी_मास्तर (कळवा)
तेहेतीस वर्षं मैदानावर काढली. सूर्यनमस्कारवाल्या बाबांना सांगा, मी हजारो सूर्यनमस्कार घालून घेतले, त्याने वाकलेला कणा सरळ झालेला एकही पाहिला नाही. सूर्यनमस्कार चांगलेच, पण हे त्यांचं काम नव्हे.

आता कडू बोलतो. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम आहे. पथक येतं, डोळे, दात, रक्तक्षय बघतं. पण तो सरकारी आणि अनुदानित शाळांसाठी, आणि त्याच्या तीसेक आजारांच्या यादीत हा वाक नावानिशी नाही. म्हणजे गरिबाच्या पोराची पाठ राहते कारण यादीत नाही, आणि घोडबंदरच्या पोराची राहते कारण पथकच येत नाही. तुम्ही मात्र अमेरिका आणि ब्रिटनवर भांडा.

आकडेबहाद्दर
मास्तर, माझा आणखी एक प्रश्न कुणी घेतलेलाच नाही. मुलींना वाकवून मागून बघणार कोण? शर्ट काढायला लावणार का? माझी मुलगी सातवीत आहे. मला हे आवडत नाही, झालं. ह्याला आकडा नाही माझ्याकडे.

वाकडी_पण_ताठ
अखेर आकड्यांच्या मागून बाप निघाला.

आकडेबहाद्दर
टोमणे नकोत. दोन वर्षांपूर्वी आमच्या भागात असंच 'मोफत शिबिर' झालं. तपासणाऱ्यांच्याच टेबलाखाली बेल्टची खोकी होती. दहा मुलांना "वाक आहे" सांगितलं, त्यात माझा भाचा. एक्स-रे काढला, 6 अंश. बहिणीने तोपर्यंत साडेतीन हजारांचा बेल्ट घेतला होता. माझा राग तिथून आहे.

फिजिओताई_नेरूळ
हे आधी सांगितलं असतंत तर अर्धा धागा वाचला असता. असा दुकानातला बेल्ट म्हणजे ब्रेस नव्हे, आणि 6 अंशांना स्कोलिओसिस म्हणतच नाहीत. तुमच्या बहिणीला चक्क फसवलंय. बाईच तपासणार, वेगळ्या खोलीत, मागून उघडणारा गाउन, सोबत वर्गशिक्षिका, घरून सही. आणि तपासणाऱ्याने काहीही विकायचं नाही. एवढं नसेल तर मीही म्हणेन, पाठवू नका.

आकडेबहाद्दर
एवढं लेखी असेल तर सही करीन. म्हणजे पुरावा पुरेसा झाला असं नव्हे.

घोडबंदरवाली
नका म्हणू. सही तेवढी करा. आणि सूचनेत 'काही विकले जाणार नाही' हे वाक्य नव्हतं, ते मी उद्या मुख्याध्यापिकांना सांगते. तपासणी शनिवारी सकाळी आहे, मुलींच्या खोलीबाहेर थांबायला दोन आया हव्यात.

सानपाड्याची_आई
आमची शाळा वेगळी, पण मी येते. कशी करतात ते बघायचंय.

कोपरीकर
मी पण येतो. वजनकाटा घेऊन. तुम्ही आत पाठ बघा, मी गेटवर दप्तरं मोजतो.