मुलांनी मनातलं लिहावं म्हणून वर्गात नेमकं काय करता?

खडूवाली:
आठवीला भाषा शिकवते. निबंध दिला की सगळ्यांचे सारखेच, 'आई म्हणजे वात्सल्याची मूर्ती' पासून सुरुवात आणि शेवटी एक सुविचार, शुद्धलेखन छान पण त्यात ते पोरगं कुठेच दिसत नाही. 'स्वतःच्या मनातलं लिहा' म्हटलं तर 'बाई, किती ओळी?'. कोणी काही करून बघितलंय का?

शाईचा डाग:
विषय बारीक करा. 'माझी आई' नको, 'आई फोनवर बोलते तेव्हा तिचे हात काय करतात' असा द्या. माझ्या वर्गातल्या एकाने लिहिलं, मामाशी बोलताना आई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहते, आणि फोन ठेवला की झटकन सोडते. प्रेमळबिमळ एकही शब्द नाही, तरी सगळं कळलं.
आणि रोज दहा मिनिटं पेन न थांबवता लिहायला लावा, खोडायचं नाही, सुचत नसेल तर 'सुचत नाही' हेच लिहित राहायचं. लेखन शिकवणारे अमेरिकी प्राध्यापक पीटर एल्बो यांनी १९७३ मध्ये ही पद्धत लोकप्रिय केली. बराचसा कचराच निघतो, निघू दे, आणि ते तुम्ही वाचायचं नाही हे आधीच सांगून टाका.

मागचा बाक:
हे सगळं ठीक, पण मार्क कसे देणार? घरातल्या भांडणावर लिहिलं तर दहापैकी सहा?? शिवाय मनातलं उकरलं की लगेच बरं वाटतं असंही नाही. मानसशास्त्रज्ञ पेनेबेकर यांनी १९८६ च्या प्रयोगात कॉलेजच्या मुलांना सलग चार दिवस पंधरा-पंधरा मिनिटं त्रासदायक अनुभवावर लिहायला लावलं होतं, लिहून झाल्या झाल्या मुलं जास्त उदास होती, फायदा दिसला तो पुढच्या काही महिन्यांत, डॉक्टरकडच्या चकरा कमी झाल्या. तेव्हा जखमेवरच लिही असा आग्रह नकोच, आणि काही गंभीर दिसलं तर समुपदेशकाला सांगा.

शाईचा डाग:
बरोबर. म्हणून मार्क फक्त दुसऱ्या खर्ड्याला, तोही मूल स्वतः निवडेल त्याच पानाचा. पहिल्यावर लाल पेन अजिबात नाही, समासात एखादा प्रश्न, 'मग तू काय केलंस?' वगैरे. वेलांट्या नंतर.

खडूवाली:
सोमवारी फोनवाला विषय देतेच. मीपण त्यांच्यासोबत लिहू का?

शाईचा डाग:
लिहा की, आणि खोडाखोडीसकट वाचून दाखवा. गुळगुळीत करून आणलंत तर पोरं पुढच्या वेळी तुमचंच उतरवून काढतील 😄