प्रकल्प आहे, म्हणून घरची जबाबदारी संपत नाही

गोव्यात साळगावला कचरा प्रक्रिया प्रकल्प झाल्यावर घरी कचरा वेगळा करण्याची गरज उरली नाही, असे काही जण म्हणतात; ते मत मला पटत नाही. 2016 साली सुरू झालेल्या त्या प्रकल्पात ओल्या कचऱ्यापासून वायू आणि वीज तयार होते. परंतु आमटीने भिजलेला कागद किंवा माशांच्या पाण्याने माखलेली पिशवी तिथे पोहोचली, की तिचा पुनर्वापर जवळजवळ अशक्य होतो. कोरडा राहिलेला पुठ्ठा, काच आणि पत्र्याचे डबे मात्र पुन्हा कच्चा माल बनतात. वेफर्सच्या चकचकीत पाकिटांचे तसे नाही. त्यांत प्लास्टिक आणि धातूचे थर एकमेकांना चिकटलेले असल्यामुळे ती बहुधा सिमेंटच्या भट्टीतच जाळली जातात. म्हणून ती विकत न घेणे हाच मला खरा उपाय वाटतो.

आमच्या आजीच्या घरी करवंट्या न्हाणीच्या चुलीत जात, त्याच राखेने भांडी घासली जात आणि जुन्या लुगड्यांच्या वाकळी शिवल्या जात (ती काटकसर होती, पण तिच्यात वस्तूंविषयीचा आदरही होता). मडगावचा कचरा जिथे टाकला जाई त्या सोनसोड्यावर कित्येक वर्षे साचलेला ढिगारा पाहताना मला ती न्हाणी आठवते. आपल्या वाड्यावर निदान नारळाची सोडणे आणि भाजीचे देठ माडाच्या आळ्यातच जिरवता येतील.