नोकरीची लाइन बदलताना: प्रार्थना, ओळखी आणि सकाळी उठणं (अनुभव लिहा)

पर्वरीची पायरी

नमस्कार मंडळी. लिहू की नको असं बरेच दिवस चाललंय. वय 43, कांदोळीच्या बाजूला एका हॉटेलात अकाउंट्समध्ये 14 वर्षं काढली आणि मार्चमध्ये राजीनामा दिला. भांडणबिंडण काही नाही, पण सीझनमध्ये रात्री साडेनऊला घरी आणि पावसात "पगार जरा पुढेमागे होईल हां" हे ऐकून ऐकून कंटाळा आला. आता डोक्यात आहे की छोटे दुकानदार, बेकरीवाले यांचे हिशोब आणि जीएसटीचं काम घरून करायचं. डोक्यात आहे म्हणजे डोक्यातच आहे, चार महिने झाले.

मूळची मी मिरजेची. वडील मिशन हॉस्पिटलात कंपाउंडर होते, आमच्याकडे कुठलीही गोष्ट आधी गुडघे टेकून, मग पुढचं. लग्न होऊन इथे आले तर सासर कॅथलिक, तेर्स (जपमाळेची प्रार्थना) काय, लादाइन्य (गाऊन म्हणायची प्रार्थना) काय, पहिलं वर्ष कधी उठायचं कधी बसायचं तेच कळत नव्हतं, आता सवय झाली. प्रार्थना रोज करते, तिथे अडत नाही. अडतं ते पुढे. कुणाला फोन करून "तुमच्याकडे माझ्यासारखीला काही काम असेल का" विचारायचं म्हटलं की हात मागे येतो. वाटतं, देवावर सोपवलंय म्हणतेस आणि लोकांची दारं कशाला वाजवतेस? नवरा म्हणतो हा विश्वास नाही, ही लाज आहे. असेलही.

तर ज्यांनी मध्येच लाइन बदलली त्यांनी लिहा. कुणाकडे मागितलं, कसं मागितलं, सकाळी अंथरुणातून उठायला काय केलं. एकच विनंती, बायबलची वचनं पाठवू नका, वचनं माझ्याकडे भिंतीवर लावलेली आहेत.

खाण बंद

मी कुडचड्याचा. मायनिंगमध्ये मशिनरी मेंटेनन्सला होतो. 2012 मध्ये सुप्रीम कोर्टाने थांबवलं तेव्हा सगळे म्हणाले दोन महिन्यांत सुरू होईल, मीही म्हणालो. नंतर सुरू झालं थोडं आणि 2018 च्या फेब्रुवारीत 88 लीज रद्द, मार्चमध्ये परत गाड्या उभ्या. आमच्या गावात घरटी एक टिपर, प्रत्येकाच्या अंगणात ताडपत्री टाकून ठेवलेला, हे ज्याने पाहिलं त्यालाच कळेल.

पहिल्या बंदीत मी काय केलं तर नोव्हेना केली. नऊ दिवस संपले की परत नऊ दिवस. डिसेंबरच्या सायबाच्या, म्हणजे सेंट फ्रान्सिस झेवियरच्या, फेस्ताला (सणाला) जुन्या गोव्यापर्यंत चालत गेलो, पायाला फोड आले, आणि घरी येऊन परत बाल्कांवात, म्हणजे ओसरीवर, बसलो. खोटं कशाला बोलू, चालण्याचा उपयोग झाला, पण बाल्कांवात बसण्याचा काही झाला नाही.

दुसऱ्या बंदीत एक गोष्ट घडली. आमच्या कपेलाच्या (छोट्या चर्चच्या) फेस्ताला लादाइन्य अर्ध्यावर असताना जनरेटर बंद पडला. काळोख, बायका मोबाइलचा उजेड धरून गातायत. मी जाऊन पाहिलं तर डिझेल लाइनमध्ये हवा धरली होती. फिल्टरवरचा बोल्ट ढिला केला, हातपंप मारत बसलो, आधी फेस येतो, मग फेस कमी होतो, मग सरळ डिझेल यायला लागलं की बोल्ट आवळायचा. दहा मिनिटांचं काम. एक माणूस माझ्यावर टॉर्च धरून उभा होता, तो वेर्ण्याला एका औषध कंपनीत, बॉयलर-चिलरच्या डिपार्टमेंटला. त्याने विचारलं, "तूं खंय काम करता?" मी इतकी वर्षं यावर "थोडें थोडें चलता" असं उत्तर द्यायचो. त्या दिवशी हात डिझेलने भरलेले होते म्हणून की काय कोण जाणे, म्हटलं "काम ना."

बस. त्याने बायोडेटा मागितला, माझ्याकडे नव्हता, पुतणीने रात्री बसून केला. लागलो टेक्निशियन म्हणून, पगार आधीपेक्षा कमी आणि सुपरवायझर माझ्यापेक्षा 11 वर्षांनी लहान. सहा महिने जड गेलं. पण ताई, नोव्हेनेत मी देवाला म्हणत होतो खाण सुरू कर. दुसरं काम दे असं एकदाही म्हटलं नव्हतं, हे मला नंतर लक्षात आलं.

पेडण्याची

मी हिंदू आहे, इथे लिहिलं तर चालेल ना? आमच्याकडे मिलाग्रीस सायबीण (मेरी माता) आणि शिरगावची लईराई देवी बहिणी मानतात, म्हणून धीर केला 🙂 मोपाचा विमानतळ 2023 च्या जानेवारीत चालू झाला तेव्हा आमच्या बचत गटातल्या दोघी जणी हाउसकीपिंगला लागल्या. त्यांनीच मला सांगितलं कुठल्या दिवशी कुठल्या गेटला कागद घेऊन जायचं. मी आधी बालवाडीत होते. पेपरातल्या जाहिरातीवर तीनदा अर्ज टाकलेला, एकाचंही उत्तर नाही. ओळख म्हणजे वशिला नाही गो, कुणीतरी गेट नंबर सांगतो तेवढंच.

दोदोल

17 वर्षं क्रूझवर, असिस्टंट वेटरपासून हेड वेटरपर्यंत. आठ-नऊ महिने कॉन्ट्रॅक्ट, दोन महिने घर, मुलं फोटोत मोठी झाली. बायको वेंगुर्ल्याची म्हणून घरात मराठी, चुका माफ करा. 2020 मध्ये परत आलो आणि बोलावणं येईना. आपण तारवटी, जहाजावरचे लोक, आपल्याला दुसरं काय येतं असं वाटायचं.

उठण्याबद्दल विचारलंय म्हणून सांगतो. पहिले दोन महिने मी दहाला उठायचो. मग एक दिवस बायको काही बोलली नाही, फक्त माझा युनिफॉर्मचा पांढरा शर्ट इस्त्री करून खुर्चीवर ठेवला. कुठे जायचं नव्हतं. तरी साडेपाचला उठलो, दाढी केली, शर्ट घातला आणि ओट्याशी उभा राहिलो. येडेपणा वाटतो ना? पण अंगाला एवढंच कळतं, बोर्डवर असताना पण मूडवर उठत नव्हतो, घंटेवर उठत होतो.

त्याच डिसेंबरात पोप फ्रान्सिस यांनी सेंट जोसेफचं (मेरीचा नवरा, सुतार) वर्ष जाहीर केलं, 8 डिसेंबर 2020 ते 8 डिसेंबर 2021. आमचे फादर मिसाला (चर्चमधल्या प्रार्थनेला) म्हणाले, सगळी शुभवर्तमानं वाचा, जोसेफच्या तोंडी एकही शब्द नाही. त्याला स्वप्न पडतं, तो उठतो आणि बायको-पोराला घेऊन रात्रीच निघतो. मी सुतार नाही, पण मला उठून निघायचं हे कळलं.

आईचं दोदोल. नारळाचं दूध, तांदळाचं पीठ, माडाचा काळा गूळ. तांब्याच्या भाण्यात ढवळत राहायचं, हात थांबला की खाली लागलं. पहिला तासभर पातळच, मग लाकडाचा दवलो जड व्हायला लागतो, कडेने तेल सुटायला लागतं, आणि गोळा भाण्याला चिकटायचा सोडतो तेव्हा उतरवायचं. दुसऱ्याच घाण्याला फोन आला म्हणून मी दोन मिनिटं बाजूला गेलो आणि सगळ्याला धुराचा वास. फेकलं. 40 नारळ फुकट गेले.

विकायला कुणाला? वहीत जहाजावरच्या लोकांची नावं लिहिली, 43 झाली. सगळ्यांना एकच मेसेज फॉरवर्ड केला नाही, प्रत्येकाला वेगळा, "तुझ्या मुलीचं कम्युनियन झालं का" पासून सुरुवात, मग माझं. अर्ध्यांनी उत्तर दिलं नाही, वाईट वाटलं, मग आठवलं मी पण किती जणांना दिलेलं नाही. एकजण कोलव्याला हॉटेलात फूड अँड बेव्हरेजला आहे, त्याने ख्रिसमसच्या कुस्वारासाठी (फराळासाठी) ऑर्डर दिली. एफएसएसएआयचं (खाण्याचे पदार्थ विकायला लागणारं सरकारी) रजिस्ट्रेशन लगेच करा, मी केलं तेव्हा 12 लाखांच्या आत उलाढाल असेल तर वर्षाला 100 रुपये होते, हॉटेलवाले आधी तोच नंबर विचारतात.

जहाजाएवढा पैसा नाही. फेस्ताला घरी असतो.

अडीच लाख

सगळं गोड गोड चाललंय म्हणून कडू लिहितो. आमच्या प्रार्थनेच्या ग्रुपमधला एक माणूस, हात वर करून रडत साक्ष द्यायचा, तोच युरोपात वेअरहाउसची नोकरी लावून देतो म्हणाला. मी सेल्सच्या नोकरीला कंटाळलो होतो, वाटलं देवाने दार उघडलं. अडीच लाख दिले, पावती मागितली नाही, कारण भावाकडे पावती कशी मागायची? पुढचं सांगत नाही, तुम्हाला कळलंच.

आता शहाणपण आलंय ते फुकट घ्या. परदेशी पाठवणारा एजंट परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदलेला लागतो, त्यांच्या ई-मायग्रेटच्या साइटवर नाव बघता येतं, आणि त्याची फी 30,000 रुपये अधिक जीएसटी यावर घेता येत नाही. मला हे एका फोनवर कळलं असतं. मी त्या वेळी उपास करत होतो. उपास वाईट नाही हो, पण फोन पण करायचा होता.

मिसाला अजून जातो. त्या ग्रुपला जात नाही.

अर्धा पाद्री

मी वसईचा, आता म्हापशाला असतो. माझी लाइन म्हणजे सेमिनरी, पाद्री व्हायचं शिक्षण. सात वर्षं होतो, 26 व्या वर्षी सोडली. कुणी काढलं नाही, मीच एका पावसाळ्यात रात्री चॅपेलमध्ये बसून कबूल केलं की मी आईसाठी आलोय.

लोक काय म्हणतील हे सोडा, मला सगळ्यात जास्त त्रास दिला तो बायोडेटाने. 19 ते 26, रिकामी जागा. इंटरव्ह्यूला विचारायचे, "या गॅपमध्ये काय केलंत?" मी म्हणायचो, घरगुती कारण. खोटं! सात वर्षं देवाच्या नावाने राहिलो आणि बाहेर येऊन पहिलं काम काय तर खोटं बोलणं. पाच ठिकाणी असं झालं.

सहाव्या वेळी माझ्या जुन्या स्पिरिच्युअल डायरेक्टरला फोन केला. तोंड दाखवायची हिंमत नव्हती म्हणून दोन वर्षं बोललो नव्हतो. मला वाटलं ओरडतील. ते म्हणाले, पेन घे, लिही. मग एकेक विचारत गेले. तत्त्वज्ञान दोन वर्षं, लिही. सुट्टीत 120 मुलांचं शिबिर कुणी चालवलं? लिही. हॉस्पिटलात मरणाऱ्या माणसाजवळ बसलास, किती दिवस? तेही लिही, पण साध्या शब्दांत. मराठी, कोंकणी, इंग्लिश, थोडी इटालियन. कागद भरला. शेवटी म्हणाले, एका शाळेच्या हेडमास्तरणीला तुझं नाव सांगतो, पण फोन तू करायचास, मी नाही.

तो फोन करायला मला नऊ दिवस लागले. नोव्हेना नव्हती हां ती, नुसती भीती. घराच्या गच्चीवर जाऊन नंबर लावायचा, एक रिंग गेली की कापायचा. दहाव्या दिवशी त्यांचाच मिस्ड कॉलला उलट फोन आला, "कोण बोलतंय, तीनदा आला तुमचा." तेव्हा काय करणार, बोललो. मूल्यशिक्षणाचे तास मिळाले, घड्याळी तासावर. शिकवता शिकवता समुपदेशनाचा डिप्लोमा केला, आज शाळेत काउन्सिलर आहे. मुलं विचारतात सर तुम्ही फादर होणार होता ना? मी हो म्हणतो.

ताई, तुम्ही रिंग जाऊ द्या, कापू नका.

निवृत्त मास्तर

बाय, वचन नको म्हणालीस, म्हणून गोष्ट सांगतो. बायबलातला नहेम्या, राजाचा प्यालेबरदार, चांगली सरकारी नोकरी. यरुशलेमची भिंत पडलीय ऐकून रडला, उपास केला, प्रार्थना केली. किती दिवस? किसलेव महिन्यापासून निसान महिन्यापर्यंत, म्हणजे साधारण चार महिने. तुझेही चारच झालेत. मग राजाने विचारलं तुला काय हवं, तर गडी मनात देवाला हाक मारून लगेच यादीच सांगतो. इतकी रजा, नदीपलीकडच्या अधिकाऱ्यांना पत्रं, आणि जंगलाचा अधिकारी आसाफ याला लाकडासाठी वेगळं पत्र. आसाफचं नाव याला कसं ठाऊक? माझ्या मते चार महिने तो नुसता रडत नव्हता, चौकशा करत होता.

तुझी यादी तयार आहे का? कोण आसाफ, त्याच्याकडे काय मागायचं?

पर्वरीची पायरी

सगळ्यांना देव बरें करूं. उत्तर द्यायला आठवडा लागला कारण मास्तरांनी यादी मागितली आणि मी खरंच करायला बसले. 14 वर्षांत हॉटेलला माल देणारे किती लोक, भाजीवाला, लाँड्रीवाला, बर्फवाला, सगळ्यांची बिलं माझ्या हातून गेलेली, सगळे मला नावाने ओळखतात. मी शोधत होते कुठे आणि होतं कुठे. 26 नावं झाली.

पहिलं नाव पोदेर, म्हणजे पाववाला. हॉटेलला पाव द्यायचा, भट्टी घराजवळच. फोन नाही केला, सकाळी पिशवी घेऊन पोया (गव्हाचे पाव) आणायला गेले आणि भट्टीसमोर उभी राहून बोलले, आवाज कापत होता. तो म्हणाला बरं झालं आलीस, एकाने सांगितलंय जीएसटी घ्यावाच लागेल, 8,000 मागतोय. मी त्याचे कागद पाहिले. पावावर जीएसटी नाही, केक विकतो त्यावर आहे, पण सगळी उलाढाल मिळून 40 लाखांच्या खूपच आत, रजिस्ट्रेशन लागतच नाही. म्हणजे मी ज्या कामासाठी गेले ते काम नाही हे मीच त्याला सांगून आले! रस्त्यात स्वतःवरच हसायला आलं.

संध्याकाळी त्याचा मुलगा सायकलवरून आला, पावांच्या टोपलीत उधारीच्या सहा वह्या. कोण किती देणं लागतो हे कुणालाच माहीत नाही म्हणे, ते लावून दे. पिठाचे हात लागून पानं चिकटलीत, एकेक सुरीने सोडवतेय. दुसऱ्या वहीपर्यंत आलेय.

आता मला कुणीतरी सांगा, याचे पैसे किती सांगायचे? मंगळवारी विचारणार आहे तो.