अनुभव धागा: ग्रुपवर शंभर-दोनशे जमवून केलेली मदत

मीनल_वाई:
फोनमधली जागा संपली म्हणून साफसफाई करत होते, तर ऑगस्ट २०१९चे स्क्रीनशॉट सापडले. कोल्हापूर-सांगली पाण्यात होतं. आमच्या दहावीच्या बॅचच्या ग्रुपवर एरवी नुसती गुलाबाची फुलं, तिथे अचानक यादी सुरू झाली. अमुक ५००, तमुक ५००. यादी कॉपी करायची, खाली आपलं नाव चिकटवायचं, परत टाकायची. दोघांनी एकदम टाकली की एकाचं नाव गायब! मग "मी दिलेत, माझं नाव कोणी उडवलं" म्हणून रुसवेफुगवे. पहिल्याने पाचशे लिहिले म्हणून पुढचे सगळे पाचशेच. ज्यांना शंभरच जमणार होते ते गप्प बसले. हे एका मैत्रिणीने नंतर फोनवर सांगितलं, कारण ती त्यातलीच. २०२१ला चिपळूण बुडालं तेव्हा तिनेच नियम केला: यादीत फक्त नावं, आकडे नाहीत, दहा रुपयेही चालतील. ग्रुपवर कधी तोंड न उघडलेली मंडळीही आली.

तुमच्याकडे काय काय झालं? चांगलं-वाईट दोन्ही लिहा.

खजिनदार_काका:
सोसायटीचा हिशोब माझ्या गळ्यात. रकमेला शेपूट लावायला सांगा. गणपतीची वर्गणी १ने संपणारी (५०१), मदतीची ७ने (१०७, २०७). स्टेटमेंटमध्ये लगेच वेगळी दिसते. यूपीआय करताना लोक नोंदीत काय लिहितील नेम नाही. एकाने "लव्ह यू" लिहिलं होतं, बहुतेक बायकोला पाठवायचे होते.

टिंगू:
हाहाहा काका परत केलेत का?

खजिनदार_काका:
पैसे ठेवले, प्रेम परत केलं.

मिरजेची_माई:
आम्ही घेणाऱ्यांच्या बाजूला होतो हो. ट्रक भरभरून जुने कपडे. त्यात एक थ्री-पीस सूट, टायसकट! घरात गुडघाभर गाळ आणि हा सूट. बिस्किटं इतकी की पोरं पुड्याकडे बघेनात. लागत होते खराटे, फावडी, फिनेल, पॅड, जनावरांना वैरण. शेवटी भाच्याने रोज सकाळी तारीख घालून एकच मेसेज टाकायला सुरुवात केली, आज हे हवं, हे नको. "नको"ची यादी आधी आणि ठळक. मग कुठे खराटे आले.

टिंगू:
माई सूटचं काय झालं

मिरजेची_माई:
शेजारच्या पोराने लग्नात घातला, फिटिंग करून. छान दिसत होता.

स्वरा७८:
२०१४ला सगळे 'आइस बकेट चॅलेंज' म्हणून डोक्यावर बर्फाचं पाणी ओतत होते, आठवतंय? तेव्हा हैदराबादच्या पत्रकार मंजूलता कलानिधी यांनी राइस बकेट काढलं. बादलीभर तांदूळ गरजूला द्या, फोटो टाका, मित्राला सांगा. मी केलं. फोटो बघून सासूबाईंचा पहिला प्रश्न, "बादली परत आणलीस ना?"

डोंगरातला_मास्तर:
जि.प. शाळा, थंडी भरपूर. स्वेटरसाठी फेसबुकवर लिहिलं. पैसे नकोत, अमुक मापाचे इतके, कुरियर शाळेच्या पत्त्यावर. भराभर आले. एका ग्रुपला मात्र बॅनर धरलेल्या पोरांचा फोटो हवा होता. मी स्वेटर घातलेल्या पाठींचा पाठवला, तोंडं नाहीत. त्यांना नाही रुचलं, पुढच्या वर्षी आले नाहीत. नाही तर नाही. आमची पोरं काय जाहिरातीला ठेवलीत?

सुमा_न्यूजर्सी:
मास्तर, शंभर टक्के!
इथे २०१७पासून फेसबुकवर वाढदिवसाला "भेट नको, या संस्थेला द्या" करता येतं. पण तिथल्या यादीत आपल्या गावची शाळा कुठून असणार? थेट भारतातल्या संस्थेला द्यायचं तर आधी पासपोर्ट बघा. भारतीय असेल तर प्रश्न नाही. नागरिकत्व बदललं असेल तर ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाचं कार्ड) असलं तरी ती परदेशी देणगी, संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणगी कायद्याखालची, नोंदणी लागते. लहान संस्थांकडे ती बहुधा नसते. उगाच त्यांना अडचणीत आणू नका.

सीए_पण_माणूस:
सुमाताईंचं बरोबर. आता ८०जी, म्हणजे देणगीवरची आयकर वजावट: दोन हजारांच्या वर रोख दिलंत तर वजावट नाही, वस्तू दिल्यात तर नाहीच नाही. नवी करप्रणाली घेतली असेल तर विषयच संपला. मित्राच्या खात्यात टाकलेल्या दोनशे रुपयांची पावती कृपया माझ्याकडे मागू नका. दर मार्चला फोन येतात.

रात्रपाळी:
ताईच्या ऑपरेशनला मीही आवाहन टाकलं होतं. एका वेबसाइटवर देणाऱ्याच्या रकमेवर "टिप" आधीच लावलेली, शून्य करायची सोय बारीक अक्षरात. लोकांनी मलाच विचारलं हे काय. ताई बरी आहे आता. पण रक्तासाठीचा जुना मेसेज अजून फिरतोय, माझ्या नंबरसकट. परवा मध्यरात्री जळगावहून कुणी काका, "बाळा, रक्त मिळालं का?"

मिरजेची_माई:
अगं बाई! ताईला जप. जेवलास का?

रात्रपाळी:
डबा आहे माई. काकांशी पंधरा मिनिटं बोललो, त्यांचा गट बी निगेटिव्ह. नंबर सेव्ह केलाय.

स्वरा७८:
मेसेजमध्ये तारीख हवीच, आणि काम झालं की "मिळालं, आता पुढे पाठवू नका" हेही.

मीनल_वाई:
मास्तर, यंदा मापं कधी टाकताय?

डोंगरातला_मास्तर:
दिवाळीनंतर. पहिलीला नवीन पोरं आलीत, मोजायचीत. पायमोजे पण घेऊ का?

खजिनदार_काका:
घ्या. शेपूट ९चं ठेवू.