मदत हवी आहे: गिऱ्हाइकाच्या मनातलं आणि डब्याचं ड्रॉइंग एकाच डेटाबेसमध्ये कसं जोडू?

नमस्कार मंडळी,

वागळे इस्टेटमधल्या एका छोट्या कारखान्यात मी डिझाइन बघतो. आम्ही स्टीलचे जेवणाचे डबे बनवतो. गेल्या तीन महिन्यांत ठाण्याहून लोकलने कामाला जाणाऱ्या ५४ जणांशी निवांत बोललो. पद्धत लॅडरिंगची: उत्तर आलं की "ते तुम्हाला का महत्त्वाचं वाटतं?" असं विचारत एकेक पायरी वर जायचं.

एका ताईंना झाकण घट्ट हवं. का? आमटी सांडत नाही. मग? बॅगेतले कागद वाचतात. त्याने काय होतं? जरा थांबून म्हणाल्या, "ऑफिसात कुणापुढे ओशाळं व्हावं लागत नाही." एका काकांना तेच झाकण सैल हवं. संधिवातामुळे बोटांत जोर नाही, आणि डबा उघडून द्या असं कुणाला सांगणं त्यांच्या जिवावर येतं. दोघांच्याही मुळाशी स्वाभिमानच, पण झाकणाकडे मागणी उलटी! ही गोष्ट मला फार मोलाची वाटते आणि आमच्या एक्सेलमध्ये नेमकी हीच हरवते. तिथे "झाकण: तक्रार" एवढाच रकाना, आणि ड्रॉइंगवर सिलिकॉन रिंगची जाडी मिलिमीटरमध्ये.

टेबलं कशी पाडू? आणि एका पायरीवरून वरच्या पायरीवर नेणारा एखादा दुवा किती जणांनी सांगितला तर सगळ्यांच्या उत्तरांच्या एकत्रित नकाशात धरायचा?

प्रतिसाद १

अख्खी शिडी एका ओळीत भरू नका. प्रत्येक दुव्याला स्वतंत्र ओळ: माणसाचा क्रमांक, खालची पायरी, वरची पायरी. पायऱ्यांचं टेबल वेगळं, त्यात गुणधर्म, परिणाम की मूल्य ते नोंदवा. बोललेले शब्द जसेच्या तसे ठेवा, वर्गवारी पुढे हमखास बदलते. लॅडरिंगवर लिहिणाऱ्या रेनॉल्ड्स आणि गटमन यांनी १९८८ मध्ये ५०-६० जणांसाठी दुवा धरायला किमान ३ ते ५ उल्लेख ही मर्यादा सुचवली होती. ३, ४, ५ तिन्ही लावून बघा.

मूल्य थेट ड्रॉइंगला जोडू नका. परिणाम आणि मोजता येणारी बाब यांच्यामध्ये एक टेबल घाला, संबंध घट्ट, मध्यम की कमी त्यानुसार ९-३-१ असं वजन द्या, सोबत ड्रॉइंगचा रिव्हिजन नंबर. हाच क्यूएफडीचा, म्हणजे गिऱ्हाइकाची मागणी डिझाइनमध्ये उतरवण्याच्या पद्धतीचा, घराच्या आकाराचा तक्ता: हाउस ऑफ क्वालिटी, १९७२ मध्ये कोबेच्या जहाजगोदीत वापरलेलं. रिंगवरचा दाब आणि उघडायला लागणारा जोर यांचं भांडण त्याच्या छपरात, म्हणजे मोजमापांचे आपसातले संबंध दाखवणाऱ्या वरच्या भागात, मांडता येतं.

धागाकर्ता

मनापासून आभार! म्हणजे काकांचं "सैल" हा गुणधर्म, त्यांना हवाय तो "सहज उघडणं" हा परिणाम. तो क्लिपचा दांडा लांब करूनही साधेल, रिंग घट्टच ठेवून. उद्यापासून जोर मोजायला घेतो. पहिला नमुना काकांच्याच हातात देईन.