प्रतिसाद: फॉर्म १६ (पगार आणि कापलेला टॅक्स दाखवणारा कंपनीचा दाखला) आहे, तरी इन्कम टॅक्स रिटर्न भरायला सीए लागतोच का?

नुसता पगार आणि थोडं व्याज असेल तर नाही लागत. कुपवाड एमआयडीसीत पहिली नोकरी लागली तेव्हा मी विश्रामबागच्या खोलीवर बसून स्वतःच भरलं. आयटीआर १, म्हणजे 'सहज' हा रिटर्नचा फॉर्म. बरीच माहिती आधीच भरून येते, आणि माणूस गाफील राहतो तो तिथंच. माझे आकडे फॉर्म १६ शी जुळले, मी खूश. मग एआयएस, म्हणजे आपल्या कमाईची टॅक्स खात्याकडची नोंद, उघडलं, तर आजोबांनी माझ्या नावावर ठेवलेल्या एफडीचं ४,३१२ रुपये व्याज तिथं! कंपनीला ते कुठून माहीत असणार? ते मीच घातलं.

वर कुणीतरी लिहिलंय की सबमिट केलं की सुटलो. नाही हो, ३० दिवसांत ई-व्हेरिफाय करायचं असतं, म्हणजे रिटर्न आपणच भरलंय हे ऑनलाइन पक्कं करायचं, त्याशिवाय रिटर्न ग्राह्य नाही. ओटीपी येतो आधारला जोडलेल्या नंबरवर. माझ्या आधारला बाबांचा नंबर, आणि बाबा तासगावला द्राक्षबागेत औषध मारत होते, फोन शेडात. तिसऱ्या ओटीपीला सापडले. "कसला नंबर रे? बँकवाला फसवतोय काय?" त्यांची समजूत घालण्यातच जास्त वेळ गेला, रिटर्न अर्ध्या तासाचं काम होतं.

टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला टॅक्स, परत येणार असेल तर बँक खातं इन्कम टॅक्सच्या पोर्टलवर व्हॅलिडेट केलंय, म्हणजे पडताळून घेतलंय का, तेवढं आधी बघा.